सावलीवर चालणारा धंदा

आम्ही दापोली तालुक्यातले, आसूदजवळचे. २०१३ साली घरातल्या खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. तेव्हा आमच्या पट्ट्यात सगळ्यांचं गणित एकच: समुद्र, मासे आणि एसी. एप्रिल-मे भरून जायचा, पण पाहुणे दुपारभर खोलीत लोळायचे आणि वीज गेली की आमच्याकडे बघायचे. घाटावरचा माणूस चाळिशीचा पारा सोसून आलेला असतो. इथे पारा ३३-३४ वर असला, तरी हवा इतकी दमट की घाम वाळत नाही. मग सगळा राग यजमानावर.

आमचे वडील मात्र ऐन वैशाखात निवांत असायचे. उजाडताच शिंपणं उरकायचं, दुपारी ओटीवर आडवं व्हायचं आणि खारा वारा सुटला की पुन्हा बाहेर. तेच वेळापत्रक आम्ही पाहुण्यांना लावलं आणि त्यांना सावलीतल्या वाटांनी चालायला नेऊ लागलो.

पहिली वाट ठरली केशवराजाच्या देवळाची. आसूदच्या पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, बागांतून दगडी पायऱ्यांची पाखाडी खाली उतरते. पायाशी पाटाचं पाणी, पोफळीवर चढलेले मिरीचे वेल, अधूनमधून जायफळाचं झाड. साकव, म्हणजे छोटा पूल, ओलांडला की चढ लागतो, तोही दाट झाडीतून. माणूस धापा टाकतो, पण तापत नाही. वर गोमुखातून पाणी पडत असतं. त्याखाली मान घातलेला पाहुणा लवकर उठायला तयार नसतो, मागे रांग लागते.

संध्याकाळी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीची चढण. समोर सुवर्णदुर्ग आणि अंगावर समुद्राचा वारा. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, मात्र सकाळी नऊनंतर पाऊल टाकायचं नाही. जांभा एकदा तापला की खालून भाजतो आणि आडोशाला झाड नसतं. पूर्वेचा वारा जोरात असेल त्या दिवशी खारा वारा उशिरा सुटतो, मग संध्याकाळची चढण रद्द. पैसे परत. एका एजंटला बसभर माणसं अकरा वाजता चालवायची होती. आम्ही नाही म्हटलं. बस गेली, पुन्हा आली नाही.

बागा काही आमच्या नाहीत. म्हणून वाटेवरच्या प्रत्येक बागायतदाराला माणशी पैसे देतो. गाड्या, तंबू यांच्यात आम्ही भांडवल घातलंच नाही. आमचं भांडवल म्हणजे त्यांची सावली.

ते भांडवल ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने आडवं केलं. आधीच लॉकडाऊनने सीझन गेलेला. त्यात पोफळी मधोमध मोडून पडल्या आणि जिथे भर दुपारी अंधारल्यासारखं वाटायचं तिथे लख्ख ऊन. पोफळ उभी राहायला वर्षं लागतात आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. दोन बागायतदार मुंबईला मुलांकडे गेले. आम्ही वाटा बदलल्या, पन्हाळेकाजीची लेणी घेतली. कोटजाई नदीकाठच्या त्या २९ लेण्यांत दगडाच्या पोटात दुपारीही गारवा असतो. इकडे बागायतदारांनी आधी केळी लावल्या आणि त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपं. त्या खड्ड्यांच्या मजुरीत आमचाही वाटा होता. आता रोपं केळींच्या वर निघालीत, पण सकाळचे दोन टप्पे अजून उन्हातच आहेत. तिथे आम्ही थांबत नाही.

बुकिंगच्या फोनवर पहिल्यांदाच सांगून टाकतो: सहाला चहा, साडेसहाला वाट, दुपारी कोकम सरबत आणि झोप. ज्यांना आठच्या आत उठायचं नसतं त्यांच्यासाठी शेजारी एसीच्या चांगल्या खोल्या आहेत. नंबर आम्हीच देतो.