तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॅनने वर, सायकलने खाली

पुण्यात आलो की ग्रुपमधलं कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडे फिनालेला तुम्ही व्हॅनवर सायकली टाकून वर जाता ना? मग त्यात कसलं आलंय सायकलिंग?" इतकी वर्षं हसून सोडून दिलं. यावेळी आतेभावानेही विचारलं, जो कोपऱ्यावर दूध आणायलाही स्कूटर काढतो. तर एकदाच सांगतो.

इटलीच्या किनाऱ्यावरचं हे फिनाले लिगुरे कुठे आहे आणि मी तोरिनोहून (म्हणजे ट्यूरिन) सारखा तिथे का पळतो, हे ऐकून तुमचे कान किटलेत, ते सोडा. समुद्रापासून वर नाटोच्या जुन्या ओसाड तळापर्यंत चढ हजारेक मीटरचा, एवढं धरून चाला.

आणि खरं सांगू का, हा प्रश्न आधी मीच विचारायचो. सिंहगड दर रविवारी चढणारा माणूस मी, पहिल्यांदा गेलो तेव्हा फिनालबोर्गोत, म्हणजे फिनालेच्या जुन्या भागात, पंधरा-पंधरा किलोच्या बाईक ट्रेलरला लावणारे लोक बघून त्यांच्या तोंडावर मराठीत हसलो होतो. मग भाड्याची बाईक घेऊन सरळ मेलोन्योच्या घाटाला लागलो. साडेतीन तास. घाटमाथ्यावर रस्ता चक्क एका जुन्या किल्ल्याच्या पोटातून जातो, त्या दरवाजात फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, "व्हॅन नाही, पाय." तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिले होतेत, आठवतंय ना?

उतार सुरू झाला तेव्हा मजा होती. वर बीच नावाच्या झाडांचं जंगल, माती मऊ, ऑक्टोबरचा पाचोळा, नुसतं तरंगत होतो. मग चेस्टनटची झाडं लागली, पायवाट अरुंद झाली, मुळं आली, आणि तोपर्यंत ब्रेकवरची बोटं माझी राहिली नव्हती, मनगटापासून कोपरापर्यंत नुसता दगड झालेला, पण थांबलो नाही, कारण मागून व्हॅनवाले येत असणार आणि त्यांच्यासमोर मला दमलेलं दिसायचं नव्हतं. खाली समुद्र दिसायला लागतो तिथे झुडपी रान आणि उघडा चुनखडक. पिएत्रा दी फिनाले, याच्यावर चढायला जगभरातून क्लाइंबर येतात. टायरखाली, सकाळच्या पावसानंतर, साबण. हातभर उंचीची पायरी होती. वजन मागे घ्यायला हवं होतं ते घेतलं नाही, पुढचा ब्रेक आवळला, आणि हँडलवरून पलीकडे. कॉलरबोनचा आवाज मी स्वतः ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा.

दहा मिनिटांनी तेच आले ज्यांना हसलो होतो. त्यातल्या पांढऱ्या दाढीच्या काकांनी सॅकमधून जादाची ट्यूब काढून माझा हात गळ्यात बांधला, 112 ला फोन लावला, आणि मी न विचारता सांगितलं की मी पेडल मारत वर आलोय. ते म्हणाले, "पेर्के?" म्हणजे कशाला. मी दुखण्याचं निमित्त करून डोळे मिटले.

सहा आठवडे हात गळ्यात. तेव्हापासून व्हॅन.

आता तुम्ही म्हणाल की चढाने पडलास हे कशावरून, नवखा होतास म्हणून पडलास. असेल. खाली येण्यातही कस लागतो हे पटवायला मी एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजचं (डोंगरातल्या सायकल शर्यतींची जागतिक मालिका, 2023 पासून नाव एन्ड्युरो वर्ल्ड कप) उदाहरण देतो, 2013 चा त्यांचा पहिला सीझन फिनालेतच संपला, आणि तिथे घड्याळ लागतं ते मुख्यतः उताराला. पण चढ ते लोक बऱ्याचदा पेडल मारतच जातात, फक्त तो वेळ मोजत नाहीत, म्हणजे उदाहरण माझ्याच अंगावर येतं. कळतंय मला. तरी ताज्या हातांनी तो चुनखडक उतरताना जे डोकं लागतं ते सिंहगडावर मला कधी लागलं नाही, हे मी मागे घेणार नाही.

मेमध्ये परत चाललोय, व्हॅनचं बुकिंग झालंय. वळणावर घामाने भिजलेला कुणी एकटा पेडल मारताना दिसला की मी अजून मोबाईल काढून त्यात बघत बसतो.