फणसाभोवतीचं बाकडं

फणसाभोवती पाव वर्तुळाचं बाकडं करायचं असं मी मागच्या दिवाळीत ठरवलं, तेव्हा माझ्या हातून दोनच लाकडी वस्तू झाल्या होत्या: एक पाट आणि एक चपलांचं रॅक. दोन्ही काटकोनातल्या. पण चिपळूणजवळच्या आमच्या घरामागे फणसाखाली दुपारभर सावली असते, आणि सरळ बाकावर चौघे बसले की टोकाच्या दोघांना एकमेकांशी बोलायला वाकावं लागतं. गोलाईत, झाडाकडे तोंड करून बसलं की सगळ्यांना सगळे दिसतात. मला तसंच हवं होतं.

आजोळचं घर उतरवलं तेव्हाची दाराची एक फळी माळ्यावर होती. एकसंध, ६ फूट लांब, १७ इंच रुंद. झाडाच्या मध्यापासून ४ फुटांवर बैठकीखालची आतली पट्टी घ्यायची, तर ती अखंड काढायला साडेसोळा इंच रुंदी लागत होती. फळीत बसली! दीड दिवस जिगसॉ चालवून मी ती कमान कापली. उचलायला एका टोकाला धरली आणि वीतभर तुकडा माझ्या हातात राहिला, बाकीची खाली. आजीने रोज उघडलेलं दार होतं ते. त्या दिवशी मी पुन्हा हत्याराला हात लावला नाही.

गावातल्या सुतारकाकांकडे तो तुकडा घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि रेषेवरून अंगठा फिरवला. "ही रेघ बघ बाय, हितनं सुरू झाली नि लगेच कडेला संपली. मग धरून ठेवायला काय राह्यलं?" खरंच, मधल्या भागात लाकडाचे तंतू पट्टीच्या लांबीने जात होते, पण टोकाला माझी गोलाई ४५ अंशांत वळली होती आणि तंतू मात्र सरळच गेले होते. मग त्यांनी मांगरात टेकून ठेवलेलं बैलगाडीचं जुनं चाक दाखवलं. घेर अखंड नव्हताच. आखूड तुकडे एकमेकांना जोडलेले, प्रत्येकाची रेघ शक्य तितकी घेराबरोबर.

म्हणून मीही ९० अंशांचे तीन भाग केले, ३० अंशांचा एक. आता टोकाशी तंतू फक्त १५ अंशांनी तिरके राहतात आणि अडीच इंची पट्टी सव्वाचार इंच रुंद फळीतून निघते. तेवढ्या रुंदीचं सागवान कौलं बदलताना निघालेल्या जुन्या तुळयांतून मिळालं. गिरणीवर नेण्याआधी त्यातले खिळे शोधायला मात्र आठवडा गेला. लोहचुंबक फिरवत बसायचं. एक खिळा राहिला तरी करवतीचं पातं जातं.

पट्टी एकपदरी ठेवली नाही. एकेक इंचाच्या दोन फळ्या एकावर एक चिकटवल्या आणि वीटकामात करतात तसे सांधे चुकवले: खाली तीन पूर्ण तुकडे, वर अर्धा, पूर्ण, पूर्ण, अर्धा. साग तेलकट असतो, म्हणून वॉटरप्रूफ गोंद लावायच्या जरा आधी थिनरने पुसून घेतला. नुसता गोंद लावलेल्या नमुन्याचे दोन तुकडे मी हाताने वेगळे केले होते. पुसलेला नमुना हातोडीने फोडला तेव्हा लाकूड फाटलं, सांधा नाही.

आखणीत सुतळीने फसवलं. खळ्यात खिळा ठोकून सुतळीने कमान ओढली तर दोन टोकांत इंचाचा फरक. सुतळी ताणते. मग एका वेगळ्या सरळ पट्टीला दोन भोकं पाडली, एकात खिळा, दुसऱ्यात पेन्सिल. आतल्या गोलाईवर रंधा चालत नाही, तिथे अर्धगोल कानस घेतली आणि संध्याकाळ संध्याकाळ घासत बसले. कानस लाकडावरून जाताना आधी खडखडते, उंचवटे गेले की आवाज एकसारखा होतो. डोळ्यांपेक्षा मला त्या आवाजाचा जास्त उपयोग झाला.

बैठकीला २८ फळ्या. बाहेर सव्वातीन इंच, आत दोन इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मध्ये साधारण दोन सुताची फट, पाणी निघून जायला. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि खालून, म्हणजे वर पाणी धरायला भोकच नाही. पाय आठ, आणि प्रत्येकाखाली जांभ्याचा तुकडा, कारण कापलेल्या टोकातून लाकूड पाणी वर ओढतं. बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लाव असं दोघा-तिघांनी सांगितलं. मी लावलं नाही. आमच्याकडच्या पावसात तेलावर बुरशी धरते, आणि नुसता साग उन्हापावसात राखाडी होतो तो मला आवडतो.

पावसाळा होऊन गेला. काका आले, बसले, आणि आधी हात घातला तो बैठकीच्या खाली. तिसऱ्या सांध्यापाशी थांबले. "हितं घाई केलीस." केली होती. लाईट जायच्या आत चिकटवायचं होतं. सांधा सुताभर उघडलाय, पण हलत नाही.

आता पाठीला टेकण करायचंय. काकांनी मला मुळातच वाकलेली फांदी शोधायला सांगितली, म्हणजे रेघ गोलाईबरोबरच येते. कुंपणाला आडवी आलेली फणसाची एक मिळाली. तोडून, टोकांना मेण लावून माळ्यावर ठेवली आहे. तीन इंच जाड आहे, तेव्हा निदान तीन वर्षं वाळायला हवी.