वाढत्या अंगाचं व्हायोलिन

दुपारी शर्टाचं बटण लावायला दोरा शोधत होतो. शिलाईच्या डब्यात दोरा सोडून बाकी सगळं सापडतं, तशी टेप सापडली. पिवळी, कडेला दुमडलेली, आणि 48 च्या रेघेशेजारी निळ्या पेनाची खूण. खूण माझीच. दोन वर्षांपूर्वी लेकीचा डावा हात मोजला होता, तेव्हाची. बटण राहिलं बाजूला.

व्हायोलिन घ्यायचं तर आधी हात मोजतात, हे मला कुठे ठाऊक होतं? पेटी म्हणजे पेटी, तसं व्हायोलिन म्हणजे व्हायोलिन, अशी माझी समजूत. शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं, "हात किती आहे?" मी म्हणालो, "दोन." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी समजावून सांगितलं. डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायचा, तळवा वर, आणि मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत टेप लावायची. लेक वाहतूक पोलिसासारखी हात पसरून उभी राहिली. टेप लागली की तिला गुदगुल्या व्हायच्या, ती खिदळली की हात वाकायचा, आणि माप दोन-दोन सेंटिमीटरने घसरायचं. तिसऱ्या खेपेला 48 भरलं. तिथे खूण केली.

बाई म्हणाल्या, "पाव साइज घ्या."

घरात हे जाहीर केल्यावर आजीने लगेच आपलं मत दिलं, "पाव कशाला? चांगलं मोठं घ्या एकदाच, वाढत्या अंगाचं."

आता हे 'वाढत्या अंगाचं' म्हणजे आमच्या पिढीचं आत्मचरित्रच. माझा गणवेश वाढत्या अंगाचा, स्वेटर वाढत्या अंगाचा, रेनकोट तर असा की आत मी आणि दप्तर दोघं मावून वर एका मित्राची सोय व्हावी. बाह्या दुमडायच्या, चड्डीला आतून टीप घालायची आणि दर वर्षी एकेक टीप उसवायची. शेवटची टीप उसवेपर्यंत कापड विटलेलं असायचं. म्हणजे कपडे मापाचे व्हायचे आणि जुनेही व्हायचे, एकाच दिवशी. सायकल वडिलांची होती. सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून मधल्या दांड्याखालून पाय घालून मी दोन वर्षं हाफ पॅडल मारलं. ज्या दिवशी सीटवर बसून पाय पोचले, त्या दिवशी वाटलं तितकं मोठं पुढे पहिल्या पगारालाही वाटलं नाही.

बुटांचं मात्र वेगळं. शाळा सुरू व्हायच्या आधी वडील बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघायचे आणि म्हणायचे, "आहे अजून जागा." एका वर्षी ती नव्हती. आदल्या रात्री स्वयंपाकघरात आईशी हळू आवाजात चाललेला हिशोब मी ऐकला होता, म्हणून वडिलांनी अंगठा दाबला तेव्हा मी आत बोटं मुडपून घेतली. जागा झाली. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. मी कधी विचारलं नाही.

असो. व्हायोलिन वाढत्या अंगाचं घेता येत नाही, हा मुद्दा होता. मापाचं व्हायोलिन खांद्यावर ठेवून हात पुढे नेला, की त्याच्या टोकाची गुंडाळी मुठीत सहज यावी आणि तरी कोपर थोडं वाकलेलं राहावं. कोपर ताठ झालं तर व्हायोलिन मोठं. मोठ्या व्हायोलिनला बाह्या दुमडायची सोय नाही. करंगळी तारेवर पोचत नाही, मग मनगट लोंबतं, खांदा वर चढतो, मान आखडते, आणि या सवयी व्हायोलिन बदललं तरी अंगाला चिकटून राहतात. मी आजीला हे सगळं बाईंच्याच शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "तुला नाही लागल्या कसल्या सवयी सायकलच्या." यावर काय बोलणार? मी अजून डावीकडे झुकून चालतो.

पण आजीचा खरा आक्षेप वेगळाच निघाला, आणि तो गणिताचा होता. ती पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या पिढीतली. तिने विचारलं, "पूर्ण केवढं असतं?" पूर्ण व्हायोलिनची नुसती पेटी, म्हणजे मान सोडून, साधारण 14 इंच. "मग अर्धं सात." नाही, अर्धं साडेबारा. "आणि पाव?" अकरा. "पाऊण?" सव्वातेरा. आजीने चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत घातलेली माझी सगळी फी वाया गेली. या अपूर्णांकांचा हिशोब कुणी बांधला ते देवालाच ठाऊक. खाली एक अष्टमांश आणि एक षोडशांशसुद्धा असतं, आणि तेही काही 14 इंचांचा सोळावा हिस्सा नसतं, नाहीतर ते कानात घालून फिरता आलं असतं. शेवटी आजीने निकाल दिला, "म्हणजे नावाला पाव आणि घ्यायला पाऊण. व्यापाऱ्यांचं गणित."

तेवढ्यात एका स्नेह्यांकडून निरोप आला, "व्हायोलिन शोधताय ना? आमच्या माळ्यावर एक आहे. जुनं. जपून न्या, स्ट्रॅडिव्हेरियस आहे."

जिना चढताना माझी छाती धडधडत होती, खोटं कशाला बोलू. अंतोनियो स्ट्रॅडिव्हारी, इटलीतल्या क्रेमोना गावचा नामांकित व्हायोलिन बनवणारा, 1737 साली वारला, आणि त्याच्या हातची सगळी वाद्यं मिळून सुमारे साडेसहाशेच आज शिल्लक आहेत, एवढं मी आदल्या रात्रीच वाचून घेतलं होतं. साडेसहाशे एकावं माळ्यावर का नसावं? पेटी उघडली. टॉर्च लावून व्हायोलिनच्या पोटावरच्या त्या इंग्रजी एफसारख्या भोकातून आत पाहिलं, तर खरंच पिवळी पडलेली चिठ्ठी डकवलेली. अंतोनियुस स्ट्रॅडिव्हेरियुस, क्रेमोनेन्सिस, अमुक साली बनवलं, असं लॅटिनमध्ये. जरा मान तिरकी केली आणि खालची ओळ दिसली. ती इंग्रजीत होती. मेड इन जर्मनी.

एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही जर्मनीत, फ्रान्सात, बोहेमियात व्हायोलिनं ढिगांनी तयार व्हायची आणि आत अशी चिठ्ठी सर्रास डकवली जायची. फसवणूकच असायची असं नाही, नमुना कुणाचा ते सांगायची ती रीत होती. पुढे अमेरिकेने 1890 मध्ये कायदा केला की आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं. म्हणून क्रेमोनाच्या त्या म्हाताऱ्याला, मरून दीडशे वर्षं झाल्यावर, जर्मनीत इंग्रजी शिकावं लागलं. मी स्नेह्यांना यातलं काही बोललो नाही. व्हायोलिन पूर्ण मापाचं आहे, लेकीला मोठं होतं, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "ठेवतो मग. वाढेल की ती." त्यांनी ते ज्या मायेने पुन्हा फडक्यात गुंडाळलं, ते पाहून वाटलं, खऱ्या स्ट्रॅडिव्हारीचेही एवढे लाड होत नसतील.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. रात्री अकरा वाजता फोनवर एक पाव व्हायोलिन मागवलं. चित्रात चकाकत होतं. सोबत पेटी, गज, राळ, वर एक फडकं फुकट.

ते आलं आणि हलवलं तर आत काहीतरी खुळखुळलं. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी कमान, वेगळी कागदात गुंडाळलेली. मी गोंदाची बाटली घेऊन बसलो होतो, हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय. घोडी चिकटवायची नसते, तारांच्या ताणानेच ती उभी राहते. ती उभी करावी म्हणून खुंट्या पिळल्या, तर त्या हात सोडला की गर्रकन उलट फिरायच्या. एवढे कान मास्तरांनी माझेही पिळले नव्हते. तशात गज फिरवला तर आवाजच नाही. लेकीने फिरवला, मी फिरवला, आजीनेही एक हात मारून घेतला. काही नाही. लेक म्हणाली, "बाबा, म्यूटवर आहे का?"

नव्या गजाला राळ लावल्याशिवाय तो तारेला धरत नाही, नुसता घसरतो. घोड्याच्या शेपटीचे केस असले तरी कोरडे केस गातात कशाला? आणि नवी राळ काचेसारखी गुळगुळीत असते, तिला आधी पॉलिश पेपरने ओरखडे काढावे लागतात, हे तिसऱ्या दिवशी कळलं. मग मात्र आम्ही इतकी घासली की पहिल्याच फटक्याला पांढरी धूळ उठली. राळ उडवणं हा वाक्प्रचार इतकी वर्षं वर्तमानपत्रात वाचत आलो, प्रत्यक्ष उडताना त्या दिवशी पाहिली. नाकात गेली.

आणि ते खुळखुळणारं? लेकीने टॉर्च लावून आत पाहिलं आणि म्हणाली, "काडेपेटीची काडी पडलीये." बाईंकडे नेलं तेव्हा उलगडा झाला. घोडीच्या एका पायाच्या किंचित मागे, आत, पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक बारीक लाकडी काडी उभी असते. जेमतेम सहा मिलिमीटर जाड. तीही चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी. वरच्या फळीची थरथर पाठीपर्यंत पोचते ती तिच्यातून, आणि तारांचा भारही तीच उचलते. ती पडलेली असताना तारा ताणल्या तर पोट खचायची भीती. फ्रेंच लोक तिला आत्मा म्हणतात, इटालियनही. आमच्या व्हायोलिनचा आत्मा कुरियरमध्येच निघून गेला होता, आणि आम्ही तीन दिवस कुडीचे कान पिळत बसलो होतो.

बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, घोडी पालथी लावलेली दाखवली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे व्हायोलिनच्या आकाराचं काहीतरी आहे." मग लेकीच्या हातात पहिलं व्हायोलिन दिलं. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला चिकटवलेली लाकडी पट्टी. पहिला महिना याच्यावर. हनुवटीखाली धरायचं, पाय नीट ठेवायचे, वाकून नमस्कार करायचा. ही युक्ती जपानच्या शिनिची सुझुकींच्या परंपरेतली. सुझुकी 1898 साली नागोयात जन्मले, वडिलांचा व्हायोलिनचाच कारखाना. आजूबाजूला व्हायोलिनांचा ढीग, पण स्वतः हातात धरलं सतराव्या वर्षी, तेही मिशा एल्मन या व्हायोलिनवादकाची रेकॉर्ड ऐकून. आणि पुढे जन्मभर तीन-तीन वर्षांच्या पोरांना खोकी धरायला शिकवत राहिले. मला त्या खोक्याचा सगळ्यात मोठा गुण वाटला तो हा, की ते वाजत नाही.

महिन्याने भाड्याचं पाव व्हायोलिन आलं. मुलांची मापं भराभर बदलतात, त्यामुळे हाच शहाणपणाचा मार्ग, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. मान जिथे अंगठ्यात बसते तिथलं पॉलिश गेलेलं. आधीच्या कुणा पोराने गुंडाळीमागे माशाचं स्टिकर लावलेलं, आता अर्धाच मासा उरलेला. काळ्या पट्टीवर बोटं कुठे टेकवायची त्यासाठी चार चिकटपट्ट्या, त्यातली करंगळीची कायम सुटणारी. पहिल्या आठवड्यात मी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि मग लक्षात आलं की आवाज दारांचा नव्हता. पेटी एवढीशी आणि तारा मोठ्या व्हायोलिनच्याच सुरांत लावायच्या, त्यामुळे खालची जाडी तार नाकातून बोलते, सर्दी झाल्यासारखी. लेक त्या तारेला 'आजोबा' म्हणते. दोन वर्षांत आजोबांची सर्दी थोडी कमी झाली. राळेचा पांढरा थर घोडीखाली रोज साठतो आणि ती रोज झोपण्याआधी फडक्याने पुसते. ही तीच, जी स्वतःचं ताट उचलत नाही.

आज टेप हातात होतीच, म्हणून हाक मारली. मागच्या आठवड्यात बाई म्हणाल्या होत्या, अर्ध्याची वेळ झालीय, एकदा मोजून घ्या.

ती आली. डावा हात पसरला, तळवा वर. आता गुदगुल्या होत नाहीत. टेप मानेशी लावली, निळी खूण मागे टाकून पुढे नेली, तर आकडा 50 वर थांबला. तिच्या कोपराकडे पाहिलं. किंचित वाकलेलं.

"हात सरळ कर."

"सरळच आहे."

मागे पलंगावर पेटी उघडी होती. गुंडाळीमागचा अर्धा मासा दिसत होता.

"बघ ना," ती टेपकडे न बघता म्हणाली, "पन्नासच. अजून पावच बसतं मला."

मी 50 वर अंगठा दाबून धरला.

"हो," म्हटलं, "आहे अजून जागा."

बाईंना कळेलच म्हणा. दोरा अजून सापडलेला नाही.