तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुझी ती नॅनोची लस कधी येणार?’

लग्नात, बारशात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये. करोनानंतर तर जास्तच. आजवर मी हसून “बघू” म्हणत आले. आता एकदाच काय ते सांगते.

अशी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून दिलेली लस कधीच आलेली आहे. तुमच्या नातवाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस टोचली ना? तिच्यातलं प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिकार शिकतं तो भाग) म्हणजे यीस्टमध्ये तयार केलेले, साधारण २२ नॅनोमीटरचे कणच. नाव ‘नॅनो’ नव्हतं म्हणून कुणी घाबरलं नाही, इतकंच. पुण्यात बनणारी मलेरियाची आर२१ लसही त्याच धर्तीच्या कणांवर परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा बसवून केलेली आहे.

माझी मात्र येणार नाही.

मी पीएलजीए नावाच्या, शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकचे कण करायचे. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यातही हाच पदार्थ असतो, तेव्हा ‘ते अंगात साठतं का’ हे पुन्हा विचारू नका. आत भरायचं अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन. सुटं प्रथिन डेंड्रिटिक पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, फारसं मनावर घेत नाहीत. तेच विषाणूच्या मापाच्या कणात भरून दिलं की गिळतात आणि त्याचे तुकडे प्रतिकार करणाऱ्या टी-पेशींना दाखवतात.

उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींवर कण टाकले आणि दुसऱ्या दिवशी फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजणारं यंत्र) सीडी८६ चा, म्हणजे जाग्या पेशीवर वाढणाऱ्या खुणेचा, आलेख चक्क उजवीकडे सरकलेला. पेशी जाग्या झाल्या होत्या. फक्त एक गोष्ट खटकत होती: रिकामे कणही त्यांना जागं करत होते. तिथेच थांबायला हवं होतं. मी वहीत काय लिहिलं? ‘कणांना स्वतःचाच अ‍ॅडज्युव्हंट गुण आहे.’ म्हणजे लशीचा परिणाम वाढवणारा गुण. असं म्हणणारी मी पहिली नव्हते. (हे मी अजूनही सांगते, आणि सांगताना मलाच लंगडं वाटतं.)

दोन वर्षं त्यावर गेली. मग लॅब मीटिंगमध्ये एका सीनियरने विचारलं, “एंडोटॉक्सिन बघितलंस?” मला रागच आला. सगळं ऑटोक्लेव्ह केलं होतं की! पण ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू मरतात. त्यांच्या आवरणातलं विष, म्हणजेच एंडोटॉक्सिन, १२१ अंशांना दाद देत नाही. काचेच्या भांड्यांवरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी भट्टी लागते.

चाचणी सोपी आहे. हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तापासून केलेलं द्रव्य नमुन्यात मिसळायचं, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं आणि नळी उलटी करायची. एंडोटॉक्सिन असेल तर आत गोळा घट्ट धरतो. दहापट पातळ केलेली नळी उलटी केली, गोळा जागच्या जागी. शंभरपट, तरी तसाच. मी काही देवाचं नाव घेणाऱ्यांतली नाही, पण हजारपटीची नळी उचलताना घेतलं. गोळा हलला नाही.

कण बनवताना लागणारं पीव्हीए हे रसायन विरघळवायला मी कोपऱ्यातल्या कॅनमधलं डिस्टिल्ड पाणी वापरायचे. किती आठवडे उघडं होतं, कोण जाणे. इंजेक्शनच्या पाण्यात, भाजलेल्या काचेत नवी बॅच केली. पेशींनी कण गिळले आणि झोपून राहिल्या. माझे सगळे आलेख त्या कॅनचे होते.

गाईड ओरडले असते तर बरं झालं असतं. “पुन्हा कर,” एवढंच म्हणाले.

आता गंमत बघा. धोक्याचा इशारा नसताना प्रतिजन गिळलं की पेशी उलट ते सहन करायलाही शिकवू शकतात. ग्लूटेन न सोसणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णांसाठी नेमकं तेच करू पाहणारे लोक आहेत. लशीला मात्र इशारा लागतोच. नागिणीच्या लशीत तो कोण देतं? एमपीएल. म्हणजे एंडोटॉक्सिनचाच जहाल भाग काढून टाकलेला भाऊबंद, तोही नॅनो आकाराच्या लायपोसोममध्ये बसवलेला.

“बघ, मी चुकले नव्हते,” ती वहीवाली मुलगी, म्हणजे तेव्हाची मी, म्हणते. अगं, त्यांनी मोजून घातलंय. तुझ्यात ते पडलं होतं.

“पण दिशा बरोबर होती.”

दिशा कसली, कॅनमधलं पाणी होतं ते. असं मी तिला सांगते खरी, पण काही दिवशी तीच जिंकते.