परवा, पण कुठला?

"बाबा, परवा म्हणजे होऊन गेलेला की येणारा?" अंथरुणात पडल्या पडल्या मुलीनं विचारलं. "परवा गेलो" आणि "परवा जाऊ", क्रियापदावरून कळतं, मी सांगितलं. तिला काही ते पटलं नाही. मग माझीही झोप गेली आणि मी 'पेरेंडिनेट' या इंग्रजी शब्दापाशी पोचलो.

'प्रोक्रॅस्टिनेट' बहुतेकांना ठाऊक असतो. लॅटिनमध्ये 'क्रास' म्हणजे उद्या, त्यावरून काम उद्यावर ढकलणं. 'पेरेंडिनेट' म्हणजे परवावर ढकलणं. इंग्रजीत तो आता क्वचितच भेटतो, आणि मला त्याची हळहळ वाटते. त्याचं मूळ 'पेरेंडिए', म्हणजे येणारा परवा. गेलेला कधीच नाही. त्यातला 'डिएस' म्हणजे दिवस, आणि आपला 'दिवस' त्याचा लांबचा भाऊच, दोघांचं मूळ एक.

गेलेल्या परवासाठी रोमनांचा शब्द निराळा होता: 'नुडिउस टर्टिउस', म्हणजे 'आज तिसरा दिवस'. हे वाचून मी उठूनच बसलो. "ताप येऊन आज तिसरा दिवस" असं आपण म्हणतो ना, तसंच, आजचा दिवस धरून!

पण 'पेरेंडिए' नुसता आळसाच्या कामाचा नव्हता, तो कोर्टातही होता. प्रांताधिकाऱ्यानं लोकांना लुबाडल्याचा खटला असला की पहिली सुनावणी, मध्ये निदान एक मोकळा दिवस, मग दुसरी सुनावणी. या तहकुबीला 'कॉम्पेरेंडिनातिओ' म्हणत. इ.स.पू. ७० मध्ये सिसिली लुटणाऱ्या व्हेरेसवर खटला उभा राहिला. त्याचा वकील हॉर्टेन्सिअस पुढच्या वर्षी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, होणार होता, म्हणून खटला तिथवर रेटायचा त्यांचा बेत होता. व्हेरेसविरुद्ध खटला चालवणाऱ्या सिसेरो या वकिलानं लांबलचक भाषण टाळलं आणि थेट साक्षीदार उभे केले. दुसऱ्या सुनावणीआधीच व्हेरेस रोम सोडून गेला.

त्या सुनावणीसाठीची भाषणं सिसेरोनं पुढे लिहून प्रसिद्ध केली. ही तहकुबी ग्लॉसिया या रोमन राजकारण्याच्या कायद्यानं आली, हे त्यानं नोंदवलंय ते याच न झालेल्या भाषणात.

सकाळी मुलीला यातलं 'आज तिसरा दिवस' एवढंच सांगितलं. तिनं बोटांवर मोजून पाहिलं, आज, काल, परवा, आणि मान डोलावली.