झळांची मुदत

ग्वाल्हेरची जानेवारी ज्यांनी काढली आहे त्यांनाच कळेल, रात्री तीन वाजता रजई लाथाडून, स्वेटर काढून खिडकीशी उभं राहणं म्हणजे काय. बाहेर धुकं इतकं की समोरच्या घराचा दिवा दिसेना, आणि माझ्या मानेवरून घामाचे ओघळ. ह्यांना वाटलं ताप आला. थर्मामीटर लावलं, ताप नाही. पाच मिनिटांत घाम वाळला, हुडहुडी भरली, पुन्हा रजई. तासाभराने पुन्हा तेच. तेव्हा मला ४६ पुरी झाली होती आणि पाळी अगदी तारखेला येत होती, म्हणून हे पाळी जायच्या वेळचं असेल असं मनातही आलं नाही.

मी दाल बाजारात एका आडत्याकडे २२ वर्षं हिशेब लिहिते. आमच्याकडे मुदतीशिवाय काही चालत नाही. माल उधार दिला तर किती दिवसांचा, हे आधी ठरतं. त्यामुळे अंगातून अशी एकाएकी उष्णता उसळते तिला झळा म्हणतात आणि त्या पाळी जायच्या वेळच्याच, हे कळल्यावर मी भेटेल त्याला एकच विचारत सुटले: हे चालतं किती दिवस?

सासूबाई म्हणाल्या, "वर्ष, दोन वर्षं. आम्हाला कुठे वेळ होता तिकडे बघायला." जाऊबाई म्हणाल्या, "मला काय विचारतेस, माझी तर पिशवीच काढली ४१व्या वर्षी." पहिल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता कॅल्शियम लिहिलं आणि म्हणाल्या, "उम्र है, निकल जाएगा." कब निकल जाएगा, हे विचारायला तोंड उघडलं तोवर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं होतं.

सासूबाईंची दोन वर्षं प्रमाण मानली. पाळी लांबत लांबत बंद झाली, झळा मात्र वाढल्या. पंख्याखाली बसायची, माठाचं पाणी प्यायची, दुपारचा चहा सोडला. आणि मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, आतली झळ कुठली आणि बाहेरची कुठली हेही कळेनासं झालं. पण खरं मला झळांनी नाही, झोपेने मोडलं. सलग दोन तास झोप लागली तर सकाळी उपकार वाटायचे. मार्चच्या क्लोजिंगला मी एका पार्टीचे ४५,००० जमेच्या जागी नावे लिहिले. मालक चांगले आहेत, "ताई, घर जाकर सो जाओ" एवढंच म्हणाले. मला त्या वाक्याने शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मग सवयीप्रमाणे वही घातली. तारीख, वेळ, किती मिनिटं, घाम आला की नुसती झळ. सहा आठवडे लिहिलं. दिवसा ८-९, रात्री ३-४. भाचीने एका डॉक्टरांचं नाव सुचवलं होतं, त्यांच्याकडे ही वही घेऊन गेले. त्यांनी ती पानं उलटून वाचली. एवढ्यावरच मी निम्मी बरी झाले.

त्यांनी सांगितलं ते असं. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणायचं. आपल्याकडे सरासरी ४६-४७च्या सुमाराला होते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. माझ्या वयात त्यासाठी हॉर्मोनची रक्ततपासणी करायची गरज नसते. इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन घटलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो; एरवी अंग थोडं तापलेलं तो चालवून घेतो, आता जराशा फरकानेही घाम सोडतो. आणि मुदत? अमेरिकेत बायकांना वर्षानुवर्षं विचारत राहिलेला एक मोठा अभ्यास आहे, त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला: वारंवार झळा येणाऱ्या निम्म्या बायकांना त्या साडेसात वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त काळ येत राहिल्या. शेवटच्या पाळीनंतर धरलं तर साडेचार वर्षं. आणि पाळी सुरू असतानाच ज्यांना झळा लागल्या त्यांच्यात हा मधला आकडा ११ वर्षांच्या वर गेला.

मी म्हटलं, "म्हणजे मी."

"म्हणजे तुमच्यासारख्या," त्या म्हणाल्या. "तुमचंच असं होईल हे मी सांगू शकत नाही."

(त्या अभ्यासात गोऱ्या, काळ्या, स्पॅनिशभाषी, चिनी आणि जपानी वंशाच्या बायका होत्या. आपल्या कुणी नव्हत्या. जपानी वंशाच्या बायकांच्या झळा सगळ्यांत लवकर सरल्या. आपलं कुठल्या बाजूला झुकतं ते माझ्या वहीत मावणारं नव्हतं.)

पण ४६मध्ये ११ मिळवले की ५७ होतात, एवढं मला येतं. दोन वर्षं दात आवळून काढणं वेगळं आणि नोकरी संपेपर्यंत काढणं वेगळं. झळांवर हॉर्मोनचं औषध घ्यायचा विचार मी खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू केला.

भीती होतीच. पुण्याच्या आत्याने २००२ साली आपल्या हॉर्मोनच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या होत्या, तेव्हा अशाच गोळ्यांची अमेरिकेतली एक मोठी चाचणी मध्येच थांबवल्याची बातमी सगळीकडे होती. डॉक्टरांनी तो आकडाही लपवला नाही: दर वर्षी १०,००० बायकांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध जुन्या पद्धतीच्या गोळ्यांचं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांसाठी पारडं फायद्याकडे झुकतं, असं आता मानतात. जाऊबाईंची गोष्ट निराळी: पिशवी नसेल तर एकटं इस्ट्रोजेन चालतं. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन हवंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं.

मी अडले ते आईवर. आईच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टरांनी खोदून विचारलं, कधी, कशाने. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, महिनाभर अंथरुणात होती, तेव्हा. मग त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, की कारण घडून झालेल्या गुठळीने तुमचा रस्ता बंद होत नाही, पण गोळी नको. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जातं आणि गुठळीचा धोका वाढवतं. कातडीवर चोळायच्या जेलने नेहमीच्या मात्रेत तो वाढल्याचं दिसत नाही. आणि हाडाचं म्हणाल तर, हे औषध हाडांना धरूनच ठेवतं. आईच्या एकाच दुखण्यातून नावेही निघालं आणि जमाही.

आठवडा मागून घेतला. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू ठरव." मला त्याचा राग आला. नंतर वाटलं, दुसरं काय म्हणणार होते. हॉर्मोन नकोच असेल तर झळांवर दुसरीही औषधं आहेत, त्यांतली काही एरवी नैराश्यासाठी देतात, हेही कळलं होतं. तो कागद बाजूला ठेवला. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बीपी, साखर, चरबी, सगळं झालं. सगळं ठीक आलं, तेव्हा हो म्हटलं.

जेल जवळच्या दुकानात मिळालं नाही, दोन दिवसांनी मागवून आलं. सकाळी दंडावर जेल, रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची १००ची कॅप्सूल, जिने गुंगी येते, आणि मला तीच हवी होती. तिसऱ्या आठवड्यात वहीत रात्रीचा रकाना रिकामा राहू लागला. दुसऱ्या महिन्यात डाग दिसले, घाबरून फोन केला. सुरुवातीचे काही महिने होतं म्हणाल्या, सहा महिन्यांनंतरही दिसलं तर मात्र लगेच यायचं. सांधे अजून दुखतात. नावं अजून विसरते. दिवसा एखादी झळ येते, आली तशी जाते.

एक गोष्ट त्यांनीच विचारली म्हणून बोलले: खालचा कोरडेपणा, लघवीची जळजळ. झळा कधीतरी सरतात, हे आपोआप सरत नाही, उलट वाढतं. त्याला वेगळी मलम असते, अगदी कमी मात्रेची. घरी हे बोलत होते तर सासूबाई ऐकत होत्या. ७६ वय, वर्षातून चारदा लघवीची जळजळ म्हणून अँटिबायोटिक. त्यांना घेऊन गेले. आता त्यांची मलम फ्रिजवरच्या डब्यात असते, माझं जेल शेजारी, आणि आलेल्या पाहुण्यांना त्या दोन्हींची माहिती देतात.

मुदतीचं पुन्हा विचारलंच. थांबायची ठरलेली तारीख नाही, दर वर्षी बसून बघायचं, मग हळूहळू कमी करून पाहायचं; झळा परत येऊ शकतात. पुढची तपासणी मार्चमध्ये पडत होती. क्लोजिंग असतं म्हणून एप्रिल करून घेतली.