चिलीम

2019 च्या मार्चमध्ये मुंबईच्या दोन हिरे व्यापाऱ्यांची दुभाषी म्हणून मी सायबेरियातील याकूतियामधल्या मीर्नी या गावी गेले होते. सकाळी उणे तीस अंश थंडी होती. घरातील उबेने जमिनीतला कायमचा बर्फ वितळून पाया खचू नये म्हणून तिथल्या इमारती खांबांवर उभ्या असतात, आणि गरम पाण्याचे जाड नळ जमिनीवरूनच जातात. लेना नदीवरील लेन्स्क बंदरात उन्हाळ्यात उतरलेला माल दोनशेहून अधिक किलोमीटरच्या रस्त्याने इथे येतो. हे सारे उभे राहिले ते एका खड्ड्यापायी.

त्या खड्ड्याच्या कडेवरील सज्जात आम्हांला नेले ते खाणीत डंपर चालवून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी. 525 मीटर खोल आणि सुमारे 1200 मीटर रुंद असा तो खड्डा पाहून दोन्ही शेठ गप्पच झाले. आजोबा सांगू लागले, की 1955 च्या जूनमध्ये भूवैज्ञानिक युरी खबार्दिन आणि सहकाऱ्यांना इथे हिऱ्यांचा खडक सापडला, तेव्हा गुप्ततेसाठी त्यांनी सांकेतिक संदेश धाडला: ‘शांततेची चिलीम पेटवली, तंबाखू उत्तम.’ रशियनमधला ‘त्रुब्का’ हा शब्द चिलमीसाठीही चालतो आणि नळीसारख्या उभ्या किंबरलाइट खडकासाठीही. ‘मीर’ म्हणजे शांतता, आणि खाणीचे नावही तेच पडले. मी हिंदीत ‘चिलम’ म्हणताच शेठ मनापासून हसले.

मग थोरल्या शेठनी विचारले, ‘इथला माल पुन्हा कधी सुरू होणार?’

मी अडखळले. उघडी खाण 2001 मध्ये थांबली आणि 2009 पासून जमिनीखालून काम सुरू झाले, पण 4 ऑगस्ट 2017 रोजी खड्ड्यात साचलेले पाणी खालच्या बोगद्यांत फुटले. खाली असलेल्या 151 जणांपैकी आठजण वर आलेच नाहीत आणि तीन आठवड्यांनी शोध थांबवावा लागला. आम्ही उभे होतो त्याच्याच खाली ते होते. तरीही प्रश्न बदलण्याचा अधिकार मला नव्हता. मी तो जसाच्या तसा रशियनमध्ये विचारला.

आजोबा बराच वेळ खाली बघत राहिले. ‘हेच माझा नातूही विचारतो,’ एवढेच ते म्हणाले. जवळजवळ प्रत्येक घराची चूल हिऱ्यांवर पेटते अशा गावात दुसरे उत्तर तरी काय असणार?

शेठना ते सांगताना माझा आवाज जड झाला. त्यांनी टोपी काढली. थोड्या वेळाने खिशातून फोन काढून त्यांनी आजोबांना सुरतेतला आपला कारखाना दाखवला. आजोबांनी चित्र मोठे करून एका कारागिराची बोटे निरखली आणि ‘एका खड्याला किती वेळ लागतो?’ असे विचारले. शेठच्या उत्तरातल्या ‘घंटी’ला, म्हणजे हिरे घासायच्या फिरत्या चकतीला, रशियनमध्ये काय म्हणावे ते मला सुचेना, मी हातमोजा काढला आणि तळवा आडवा धरून गोल गोल फिरवून दाखवला.